तसली काळजी

"घसा ना? काळजी घ्या हं," असं म्हणत औषधांच्या दुकानदाराने कागदी पुडी तिच्या हातात ठेवली, आणि ती दुकानाच्या पायरीवरच थबकली. तिचा घसा दुखत नव्हता. तिला हवं होतं ते दुकानदाराच्या डोक्यामागे काचेच्या कपाटात रांगेने उभं होतं, रंगीत खोक्यांमध्ये. दुरून बघणाऱ्याला ती साबणाचीच खोकी वाटावीत. कारखान्यातून सुटल्यापासून ती एकच वाक्य घोकत आली होती. वाक्य साधं होतं, चार शब्दांचं, पण शाळेतल्या कवितेसारखं मनात म्हणताना सरळ यायचं आणि ओठांशी आलं की अडखळायचं. तरी ती दुकानात शिरली होती. तेवढ्यात मागे वरच्या मजल्यावरच्या काकू येऊन उभ्या राहिल्या, सांधेदुखीच्या मलमाची पिळून चपटी झालेली नळी हातात घेऊन. "अगं बाई, तू? बरं नाही का?" झालं. घशाशी आलेलं वाक्य घशातच राहिलं आणि तोंडातून नुसता घसाच बाहेर पडला. "घसा धरलाय," ती म्हणाली. काकूंनी लगेच तिच्या कपाळाला हात लावून पाहिला. लहानपणापासून त्या तिच्या कपाळाला हात लावत आल्या होत्या. आई गेल्यावर तर जास्तच.

आता ती रस्त्याला लागली होती, चघळायच्या गोळ्या पिशवीत होत्या, आणि डोक्यात दुकानदाराचा शब्द दातात अडकलेल्या धाग्यासारखा राहिला होता. काळजी घ्या. हाच शब्द आठवड्यापूर्वी तिने दुसऱ्या तोंडून ऐकला होता. बागेच्या कुंपणाजवळच्या बाकावर तो बसला होता, तिचं बोट स्वतःच्या बोटांत गुंफून, आणि येत्या शनिवारी त्याच्या खोलीतला भाऊ गावी जाणार आहे, एवढंच त्याने सांगितलं होतं. मग तो म्हणाला होता, "तू काळजी करू नकोस. मी काळजी घेईन." त्या वेळी तिला फार बरं वाटलं होतं. हो म्हणून गेली ती त्या एका वाक्यावर. नंतर रात्री भांडी विसळताना तिच्या लक्षात आलं, की त्या वाक्यात काळजी दोनदा होती, एक करायची आणि एक घ्यायची. करायची ती तिच्या वाट्याला आली होती आणि तिने ती आठवडाभर इमानेइतबारे केली होती. घ्यायची ती त्याच्याकडे होती. पण ती घेतात म्हणजे नक्की काय करतात, हे ना त्याने सांगितलं होतं ना तिने विचारलं होतं. तिला वाटलं होतं, विचारलं तर तो म्हणेल, हिला बरंच माहीत आहे की.

माहीत तसं होतंही आणि नव्हतंही. सव्वीस वर्षांची झाली होती ती. रबरी हातमोज्यांच्या कारखान्यात तपासणीच्या टेबलावर बसायची. डॉक्टर घालतात ते पातळ मोजे. मोज्यात हवा भरायची, तोंड पिळून धरायचं, पाण्यात बुडवायचं आणि बुडबुडा येतो का बघायचं. बुडबुडा आला की मोजा बाद. सगळेच्या सगळे मोजे कोणी तपासत नाही. ढिगातले मूठभर उचलायचे, ते बरे निघाले की अख्खा ढीग पास. शितावरून भाताची परीक्षा. टेबलावरची मुकादमीण मोठ्याने म्हणायची, "पोरींनो, नीट बघा गं, हेच रबर पुढे कुणाकुणाच्या संसारात शिरतं!" आणि सगळं टेबल खिदळायचं, कारण रस्त्यापलीकडच्या दुसऱ्या कारखान्यात काय बनतं ते सगळ्यांना ठाऊक होतं. तीही हसायची. पण पास झालेल्या ढिगाकडे ती कधीकधी वळून वळून बघायची. न उचललेल्या मोज्यांत कुठेतरी सुईच्या टोकाएवढं भोक असेलच. ते कुणाच्या हातावर जाणार, कधी जाणार, कोणाला माहीत. आज सकाळी तर तिच्याच हातात एक चांगला दिसणारा मोजा पाण्याखाली फुटला. बुडबुडा नाही, काही नाही, एकदम फट्. पाणी तोंडावर उडालं. "काय गं, लक्ष कुठंय?" मुकादमीण ओरडली. "लिफ्टमधे अडकलंय तिचं लक्ष," शेजारची म्हणाली, आणि परत हशा. तो लिफ्टची दुरुस्ती करायचा. मागच्या वर्षी कारखान्याची मालाची लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे अडकली तेव्हा ती आत होती, खोक्यांबरोबर. वरच्या फटीतून त्याचं उलटं डोकं दिसलं होतं आणि ते म्हणालं होतं, "बाई, खोकी आधी काढू की तुम्हाला?" तेव्हापासून त्याचं नाव टेबलावर लिफ्टवाला.

तिला भीती कसली वाटत होती? लोक काय म्हणतील याची वाटत होती, पण ती वरवरची. वर्षअखेर लग्न करायचं त्यांचं ठरलंच होतं. दुखेल याचीही वाटत होती, तीही वरवरचीच. खरी भीती तिने कधी शब्दांत मांडली नव्हती. ती पोटाखाली, खूप खाली, हात न पोचणाऱ्या जागी बसलेली होती आणि तिला आईचा वास होता. आई बाळंतपणात गेली होती. हिच्या नव्हे, हिच्यानंतरच्या. मूलही गेलं. ती तेव्हा आठ वर्षांची होती. तिला आठवत होता तो दवाखान्याचा लांब ओला व्हरांडा, फरशी पुसणारी बाई, आणि त्याच्या आधीचा, वर्षभर आधीचा, दुसरा एक दिवस. त्या दिवशी आईला दवाखान्यातून घरी आणायचं होतं. आधीचं एक मूल पोटातच गेलं होतं आणि आई पांढरी पडली होती, नुकताच चुना दिलेल्या भिंतीसारखी. तरुण डॉक्टर दारात उभा राहून हातातले मोजे उलटे करत काढत होता. बाबांकडे न बघताच तो म्हणाला होता, "यापुढे काळजी घ्या हं. पुन्हा असं झालं तर अवघड आहे." आणि बाबा, रंगाचे डाग पडलेला सदरा धुऊन घालून आलेले बाबा, मान हलवून म्हणाले होते, "घेणार की, साहेब. तुम्ही सांगायला नको."

आणि घेतली की त्यांनी! तशी काळजी कुणी घेतली नसेल. बाबा रंगारी होते, दिवसभर शिडीवर उभं राहून घरी यायचे, आणि आल्या आल्या आईच्या हातातली बादली काढून घ्यायचे. आईसाठी त्यांनी स्वतः एक बुटकं स्टूल केलं, बसून भाजी चिरायला, आणि त्याला निळा रंग दिला. रोज दूध आणायचे. आई पिताना समोर उभे राहायचे, पेला रिकामा होईपर्यंत. जिना चढताना एक हात तिच्या पाठीशी, टेकवलेला नाही, नुसता धरलेला, जणू तिची पाठ ओल्या रंगाची आहे. काकू म्हणायच्या, "तळहाताच्या फोडासारखं जपतो हो हिला, आमच्याकडे बघा!" आई लाजायची. मोठेपणी तिला तो काळ आठवला की तेव्हा घरात दिवा जास्त उजेड द्यायचा असं वाटायचं. आई हसायची त्या वर्षात. आई आणि बाबा जवळ होते. किती जवळ, ते आज तिला कळत होतं. तिच्या वयाला त्याचा हिशेब लागत होता. आणि त्या जवळ असण्यातूनच आईचं पोट पुन्हा वाढलं होतं.

ज्या दिवशी आईला शेवटचं नेलं त्या दिवशी जिन्यात माणसं उभी होती. काकू रडतरडत बाबांना म्हणाल्या होत्या, "डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं का हो, काळजी घ्या म्हणून?" बाबा म्हणाले, "घेतली की. घेतली की हो मी. बादलीसुद्धा उचलू दिली नाही तिला." काकूंचं रडणं एकदम थांबलं. त्यांनी तोंडावर हात ठेवला. मग अगदी हळू, जिन्यातल्या कुणाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात त्या म्हणाल्या, "तसली नव्हे हो."

तसली नव्हे. आठ वर्षांची ती कठड्याला धरून उभी होती आणि हे शब्द तिने ऐकले होते. कळले नव्हते. अठरा वर्षं ते तिच्यात तसेच पडून होते, न उघडलेल्या डब्यासारखे. आज औषधांच्या दुकानातून घरी येताना, कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याच्या टपरीजवळ, तो डबा आपोआप उघडला. ती चालता चालता थांबली. इस्त्रीवाल्याने मान वर करून "काय, कपडे?" असं विचारलं आणि ती "नाही, नाही" म्हणत पुढे निघाली. डॉक्टरने सांगितलं होतं एक आणि बाबांनी ऐकलं होतं दुसरं. शब्द एकच. डॉक्टरला लाज वाटली असेल, किंवा घाई असेल, किंवा त्याला वाटलं असेल की एवढं तर कुणालाही कळतं. आणि बाबांनी त्या शब्दाचं स्टूल केलं होतं. निळं.

घरी बाबा स्वयंपाकघराच्या खिडकीची चौकट रंगवत होते. काम सोडून दोन वर्षं झाली होती, पण हात गप्प बसत नव्हते. घरातली एकेक गोष्ट रंगवून झाली की पुन्हा पहिलीपासून सुरू. "आलीस? चौकटीला हात लावू नकोस, ओली आहे."

"मी परत जाणार आहे, बाबा. मैत्रिणीकडे."

"बरं." कुंचला वरून खाली आला. "लिफ्टवाल्या मैत्रिणीकडे का?"

तो एकदाच घरी येऊन गेला होता. बाबांनी त्याला लग्नाबिग्नाचं काही विचारलं नव्हतं, फक्त हाताला लागलेलं ग्रीस कशाने काढतोस असं विचारलं होतं. तो म्हणाला रॉकेलने, मग साबणाने. तो गेल्यावर बाबा म्हणाले होते, "मुलगा बरा आहे. दोनदा धुतो."

तिने तोंड धुतलं, कपडे बदलले. आरशात बघताना स्वतःच्या पोटावर हात ठेवला आणि पटकन काढला. बाहेर येऊन उगाच खिडकीपाशी उभी राहिली. "छान दिसतेय की. झालंच म्हणायचं."

"छे! हा तर पहिला हात. वरून दिसतं झाल्यासारखं. आतून लाकूड रंग पिऊन टाकतं. एका हातावर कधी विसंबायचं नाही, दुसरा द्यावाच लागतो." त्यांनी कुंचला डब्याच्या काठावर निथळला. "जपून जा. सांभाळून."

जपून. सांभाळून. ती दाराशी पोचली होती ती वळली. बाबा नेहमी असंच म्हणायचे. परीक्षेला जाताना, पहिल्यांदा कामावर जाताना, तापात निजलेली असताना. जप गं. सांभाळ. नीट राहा. सगळे शब्द होते त्यांच्याकडे, एक सोडून. तो शब्द अठरा वर्षांत तिने त्यांच्या तोंडून ऐकला नव्हता. कुणी नातेवाईक निघताना "काळजी घ्या" म्हणाले की बाबा पाणी आणायला आत उठून जायचे. तिला वाटायचं, निरोपाच्या वेळी त्यांना भरून येतं. म्हणजे त्यांना माहीत होतं. जिन्यात ज्या क्षणी काकूंनी तोंडावर हात ठेवला, त्या क्षणापासून माहीत होतं. तिला त्यांच्या पाठीकडे बघवेना. सदऱ्यातून खांद्याची हाडं दिसत होती. तिला जाऊन त्यांना काहीतरी सांगावंसं वाटलं, पण काय सांगणार. "येते," म्हणून ती जिना उतरली.

त्याची खोली सायकल दुरुस्तीच्या दुकानावर होती. खालून चाकांत हवा भरल्याचा आवाज येत होता आणि तो ऐकून तिला टेबलावरचे मोजे आठवत होते. त्याने खोली झाडली होती. भावाचे बूट खाटेखाली ढकलले होते, पण एकाचं टोक बाहेर दिसत होतं. खाटेवर नवी चादर होती, दुकानातल्या घड्या अजून उमटलेल्या. त्याचे हात साबणाच्या वासाचे होते, दोनदा धुतलेले. त्याने तिला खुर्ची दिली, स्वतः खाटेच्या कडेवर बसला, मग उठला, खिडकी लावली, मग परत थोडी उघडली.

"घाबरलीस?"

"हो."

"मीपण," तो म्हणाला आणि हसला. मग तिच्यापाशी येऊन बसला. "मी काळजी घेईन म्हटलंय ना."

त्याचा हात तिच्या मानेवर होता. तिला तो हवासा वाटत होता, हेच सगळ्यात अवघड होतं. तिच्या अंगाने केव्हाच हो म्हटलं होतं. पाठीतून ऊब खाली चालली होती, आणि खाली, हात न पोचणाऱ्या त्या जागी, ओल्या व्हरांड्याचा गारवा बसलेला होता. दोन्ही एकाच अंगात. ती म्हणाली, "म्हणजे काय करशील?"

"म्हणजे? काळजी घेईन."

"तेच विचारतेय. काळजी घेशील म्हणजे काय करशील? नीट सांग."

आधी तो हसला. मग तिचा चेहरा बघून त्याने हात मागे घेतला आणि सरसावून बसला, मुलाखतीला बसल्यासारखा. "म्हणजे काही झालंच, तर मी पळून जाणाऱ्यातला नाही. वर्षअखेरपर्यंत थांबायचंच नाही, लगेच लग्न करू. घरी मी सांगेन. तुला कामावर उभं राहू देणार नाही. हा जिना फार उंच आहे, तळमजल्यावर खोली बघू. पाणी मी भरेन. मला सगळं येतं घरातलं. तुला काडी उचलू देणार नाही, बघ."

तो अगदी मनापासून बोलत होता. डोळे भरून आले होते त्याचे. आणि ती ऐकत होती. बादली, जिना, पाठीशी धरलेला हात. आता स्टूलही म्हणेल, तिला वाटलं. इतका चांगला माणूस. बाबांइतका चांगला. तिला हसू आलं आणि हसता हसता तिच्या तोंडून निघालं, "तसली नव्हे रे."

"मग कसली?"

आणि मग तिने सांगितलं. ते घोकलेलं वाक्य नव्हे, सगळंच. आधी अडखळत, मग सरळ. की मला आत्ता मूल नकोय. की मला पोटुशी राहायची इतकी भीती वाटते की तुझा हात आवडतो आणि नकोसा होतो. की माझी आई अशी गेली, आणि बाबांनी काळजी घेतली होती, तू म्हणतोस अगदी तशीच. खाली चाकात हवा भरणं थांबलं होतं. तो नव्या चादरीच्या घडीवरून बोट फिरवत राहिला.

"मला वाटलं ते तू बघशील," तो शेवटी म्हणाला. "बायकांचं असतं ना काहीतरी. गोळ्याबिळ्या."

"आणि मला वाटलं तू बघशील. घेतो म्हणालास ना."

"म्हणजे कुणीच काही आणलं नाही?"

"मी आणल्यात की गोळ्या." तिने पिशवीतून पुडी काढून त्याच्या हातावर ठेवली. "घशाच्या."

दोघंही हसले, पण ते हसू फार टिकलं नाही. तो म्हणाला, "मी आत्ता जाऊन घेऊन येतो," आणि चपला घालू लागला. ती म्हणाली, "मीपण येते." औषधांच्या दुकानाच्या पायरीवर तो थबकला. आत दोन गिऱ्हाइकं होती. तो उगाच बाहेर लावलेल्या वजनकाट्यावर उभा राहिला आणि काट्याकडे बघत राहिला. ती आत गेली. दुकानदाराने तिला ओळखलं. "काय, घसा मोकळा झाला नाही का?"

"झाला," ती म्हणाली. "कंडोम द्या. आणि गोळ्यांचं विचारायचं होतं, रोज घ्यायच्या."

शेजारच्या गिऱ्हाइकाने मान वळवली, मग स्वतःच्या बाटलीवरचं लेबल वाचू लागलं. आभाळ कोसळलं नाही. दुकानदाराने खोकं वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळलं आणि खालच्या आवाजात सांगितलं, की गोळ्या अशा कुणालाही देऊन चालत नाही, सोमवारी बायकांच्या दवाखान्यात जा, तिथल्या डॉक्टरीणबाई नीट समजावून देतील. पुडकं देताना तो सवयीने म्हणाला, "काळजी..." आणि पुढचं का कोण जाणे गिळून टाकलं.

पुडकं त्याने खिशात ठेवलं. परत वर खोलीत जायचं की नाही, हे दोघांनाही विचारायचं होतं. "आधी सोमवारी दवाखाना," ती म्हणाली. "मला आईचंही विचारायचंय तिथे. मलाही तसंच होईल का ते. मग." त्याने मान हलवली. कोपऱ्यापर्यंत खिशातलं पुडकं चाचपत राहिला. मग म्हणाला, "चादर नवी आणली होती." "राहू दे की. चादर काय नासते?" ती म्हणाली. तो रुसला होता थोडा, आणि रुसलेला दिसू नये म्हणून धडपडत होता. सोमवारी अर्धा दिवस सुट्टी टाकतो म्हणाला. तिला त्याचा हात धरावासा वाटला आणि तिने धरला.

घराकडे येताना भीती गेली होती असं नव्हे. तिने खूप मोजे पाण्यात बुडवले होते, ढिगावर तिचा विश्वास बसणं कठीण होतं. खोक्यातही असेल एखादं सुईच्या टोकाएवढं. गोळ्या असतील, दवाखाना असेल, तरी पोटाखालचा तो गारवा कुठे जाणार होता? पण आता त्याला नाव होतं, आणि ते आणखी एका माणसाला माहीत होतं.

संध्याकाळचा उजेड अजून होता. बाबा आईच्या त्या निळ्या स्टुलावर बसून कुंचला धूत होते. स्टुलाला वर्षावर्षाला नवा रंग मिळायचा, नेहमी निळाच. खिडकीची चौकट आता दाट, गच्च दिसत होती.

"दिलात दुसरा हात?"

"दिला. उद्यापर्यंत हात लावायचा नाही." त्यांनी तिच्याकडे बघितलं नाही. "लवकर आलीस."

"हो." ती दाराशीच उभी होती. दुकानात तो शब्द सोपा होता, इथे हा अवघड. "बाबा," ती म्हणाली, "मी काळजी घेतेय."

कुंचल्यातून पाण्यात निळसर रेघ उतरत होती. बाबांचा हात थांबला. गुडघ्यावर हात टेकून ते उठायला लागले, पाणी आणायला आत जायला उठायचे तसे. तिला वाटलं, जातील. अर्धवट उठून ते थांबले. तिच्याकडे बघितलं, जिन्यात काकूंकडे बघितलं होतं तसं, पण या वेळी त्यांना ऐकलेलं वेळेवर कळलं होतं. मग ते हळूच परत स्टुलावर बसले.

"तसली?" त्यांनी विचारलं.

"तसली."

"बरं," बाबा म्हणाले. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "बरं केलंस," आणि कुंचला पुन्हा धुवायला घेतला. तो केव्हाच स्वच्छ झाला होता.